लेखी कशाला?

रचना इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात खरीखुरी ग्राफिक्स कार्डं व्हर्च्युअल मशीन्सच्या, म्हणजे एकाच सर्व्हरवर प्रत्येक ग्राहकाला वेगळ्या करून दिलेल्या आभासी संगणकांच्या, हवाली करायची. कार्डाला ज्याच्या त्याच्या मशीनपुरतीच मेमरी मॅप करून, म्हणजे वापरायला आखून द्यायची, शेजारच्या मशीनची त्याला दिसताही कामा नये, हे तिचं काम.

त्या मंगळवारी अकरा वाजता राजरत्नदादा चहाचे दोन मग घेऊन तिच्या डेस्कशी आले. टीमचे लीड, आणि दर रविवारी स्लाऊच्या विहारात वंदनेला शेजारी बसणारे.

"क्लायंटला स्पीड हवाय. त्याच्या कार्डाला सर्व्हरची सगळी मेमरी एकदमच मॅप करून टाक."

"दादा, मग कुंपणच उरणार नाही. एक मेल टाका ना, लगेच करते."

"आपल्याच माणसाकडून लेखी घेतेस होय गं? मी आहे ना."

रचना ओशाळली. हातातला चहा निवायच्या आत तिने बदल करून टाकला.

पंधरवड्यात ते कार्ड भलत्याच ग्राहकाच्या मेमरीत लिहून बसलं. चौकशीत दादा तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी तर त्याच दिवशी रिस्क-रजिस्टरमध्ये, धोक्यांच्या वहीत, नोंद केली होती."

मॅनेजरने नोंद स्क्रीनवर लावली. 'रचना सगळी मेमरी मॅप करायचा हट्ट धरून बसली आहे. माझा विरोध आहे.' खाली तारीख, त्याच मंगळवारची.

तारखेशेजारी वेळही होती. दहा चाळीस.

तेव्हा तर दादांनी चहाची किटलीही लावली नव्हती.