अरुंधतीसाठी दुर्बीण

"सगळ्यात मोठी दाखवा," हेमलताबाई काउंटरवरच्या दुर्बिणींवरून हात फिरवत म्हणाल्या.

"पहिल्यांदाच घेताय ना, काकू?" दुकानदाराने विचारलं. "नेमकं काय बघायचंय?"

"अरुंधती."

मग त्या सांगत गेल्या. लग्न भरदुपारी लागलं होतं. भटजींनी हॉलच्या पंख्याकडे बोट दाखवलं, "अरुंधती दिसली म्हणा." दोघांनीही हसू दाबत "दिसली" म्हटलं. त्याच रात्री नवऱ्याने शब्द दिला, दुर्बीण घेऊ आणि खरी अरुंधती दाखवीन. आधी मुलांची शिक्षणं आली, मग नवऱ्याचं आजारपण. दुर्बीण दरवर्षी पुढच्या दिवाळीवर जायची. यंदाच्या दिवाळीला तेच नव्हते.

दुकानदाराने दुर्बीण बाजूला सारली. आकाशाचा नकाशा उलगडून सप्तर्षींच्या शेपटीत बोट ठेवलं.

"वसिष्ठाला अगदी खेटून आहे बघा. हिला दुर्बीण कशाला, काकू? गावाबाहेर अंधारात उभ्या राहा, नुसत्या डोळ्यांनी दिसेल. कधीही दिसली असती."

त्या बराच वेळ त्या एवढ्याशा ठिपक्याकडे बघत राहिल्या.

"एकटीने पाहिली," त्यांनी हळूच विचारलं, "तर चालते का हो?"