कड्यावरची उडी

"ही उडी काढ, नाहीतर तुझी लेव्हल घेता येणार नाही," ताई म्हणाली.

टिकलीचं नाक फुगलं. तिची पहिलीवहिली लेव्हल होती ती. बेडकाच्या एका जुन्या गेमचे चाहते मिळून नवा गेम बनवत होते, आणि त्यात कुणाची लेव्हल घ्यायची हे ताई, म्हणजे तिची आतेबहीण, ठरवायची. बाकीच्या सूचना टिकलीने निमूट ऐकल्या होत्या. काटे कमी कर, गोगलगायींचं संमेलन भरवू नकोस, वगैरे. पण कड्यावरची उडी म्हणजे तिचा जीव की प्राण. कड्याखाली नुसता काळोख. तिथे फळी असते, पण पडद्याच्या खालच्या कडेपलीकडे, न दिसणारी. बिनधास्त उडी मारली की बेडूक अलगद तिच्यावर.

ताईचं म्हणणं, नवखे सगळे हीच चूक करतात. फळी कुठेय ते बनवणारीला ठाऊक, खेळणाऱ्याला काय स्वप्न पडणार? टिकलीचं म्हणणं, धीट माणूस मारतोच उडी. वाद काही मिटेना. शेवटी ठरलं की लेव्हल कधीच न पाहिलेल्या माणसाला खेळायला बसवायचं आणि आपण तोंडाला कुलूप लावायचं. त्याने आपणहून उडी मारली तर उडी राहील.

माणूस ताईने निवडला, तोही लबाडीने. टिकलीचे बाबा. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. दार उघडलं तरी आत खरोखर लिफ्ट आलीय का, हे बघितल्याशिवाय पाऊल न टाकणारे. दुकानातल्या सरकत्या जिन्यालाही आधी नीट न्याहाळणारे.

बाबा हात पुसत येऊन बसले. बेडूक काट्यांवर आपटला, गोगलगायीला धडकला, एकदा तर उलटाच चालत सुटला. ताई उशीत तोंड खुपसून हसत होती. टिकलीने ओठ दातांखाली धरून ठेवले. मग कडा आला. बाबांनी बेडूक काठाशी थांबवला. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. खाली वाकून बघावं तसं पडद्याकडे बघितलं.

आणि सरळ बटण दाबलं.

बेडूक फळीवर. टिकली पलंगावर चढून नाचायलाच लागली. ताईने स्वतःचे कान पकडले, घेतली म्हणाली तुझी लेव्हल, अगदी जशीच्या तशी. टिकलीला मात्र राहवेना.

"बाबा, खाली तर काहीच दिसत नव्हतं. मग उडी कशी मारलीस?"

"तू बनवलंयस ना?" बाबा उठता उठता म्हणाले. "मग मला पडू कशी देशील?"

बाबा गेले. टिकली पलंगावरून खाली उतरली. मग तिने लेव्हल उघडली आणि ती फळी वर सरकवली, कुणालाही दिसेल इतकी वर.

ताई चक्रावली. अगं, जिंकलीस की तू, मग आता हे काय, असं विचारू लागली.

"जिंकले कसली," टिकली म्हणाली. "खेळणारा प्रत्येक जण काही माझा बाप नसतो."