पहिली कुदळ

“सर, आज ती कुदळ तुमी मारू नका,” मंगल म्हणाली.

गहिनीनाथ सर आरशासमोर सदऱ्याची गुंडी लावत होते. “कावून?”

“तुमाला ठाऊक हाय कावून.”

ठाऊक सगळ्या गावाला होतं. युसूफ वडगावच्या शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात सरांची हयात गेली होती. गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. आज त्यांचा सत्कार होता आणि सत्कारानंतर त्यांच्याच हस्ते भूमिपूजन. संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांना बास्केटबॉलच्या मैदानावर दुकानांचे गाळे काढायचे होते. मैदान रस्त्याला लागून होतं. गाव कुरकुरत होतं, पण पहिली कुदळ खुद्द सरांनीच मारली, तर मग तोंड उघडणार कोण?

“गाळ्यांना माझं नाव देणार हायेत,” सर म्हणाले. “पत्रिकेत छापलंय.”

ते हसत होते की नव्हते, मंगलला कळेना.

ती आता आष्टीला पोलीस उपनिरीक्षक होती. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जायचे. लहानपणी तीही सोबत जायची. सरांनी तिला संघात घेतलं आणि ते थांबलं. संघातली मुलगी गावात राहायची, शाळेत जायची, सरांच्या घरी जेवायची. सरांची बायको वनमालाबाई भाकरी थापता थापता प्रत्येकीच्या खेळातल्या चुका काढायच्या, आणि त्या चुका बरोबर असायच्या. बाई गेल्यावर स्वयंपाक सरांकडे आला. आताच्या मुली नावं ठेवत जेवायच्या, पण जेवायच्या. मैदान गेलं की यंदा त्या उसाच्या फडात जाणार, आणि फडातून परस्पर कुणाच्या तरी घरी नांदायला.

“बाईंच्या अस्थींच्या वेळेला गंगाखेडला तुमाला कोण घेऊन गेलतं?” मंगलने विचारलं. “घरचंच कुणी लागलं म्हणून मलाच बोलावलंत ना? मग मला तरी खरं सांगा. अध्यक्षसाहेबांनी दम दिलाय का?”

“दम कशाला देतील? शाल देतायत, फेटा देतायत. लई चांगला माणूस हाय.” सरांनी चपला पायात सरकवल्या. “चल. उशीर झाला की वनमाला ओरडायची.”

मंडप मैदानावरच घातला होता. परळीच्या भंगारातून आणलेल्या पायपांचे खांब आणि त्यावरच्या रिंगा मंडपाच्या कापडाआड गेल्या होत्या. फ्री थ्रोच्या रेषेजवळ हातभर सिमेंटचं ठिगळ दिसत होतं. बाई गेल्या त्या उन्हाळ्यात तिथली जमीन फुटली आणि सरांनी स्वतः थापी घेऊन ती बुजवली होती. पूजेचा पाट नेमका त्याच्याशेजारी मांडला होता.

आताच्या संघातली संस्कृती नावाची मुलगी मंगलला चिकटून बसली. “ताई, तुमचा फसवा पास लई भारी व्हता म्हणं. मला न्हाई जमत. जिकडं द्यायचा तिकडंच बघते मी.”

“आमाला सर सांगायचे, बघायचं एकीकडं, द्यायचा दुसरीकडं,” मंगल म्हणाली. “आन् तोंडावर काई दिसू द्यायचं न्हाई.”

“ह्याच्याफुडं कुठं शिकायचं मग?”

मंगलने पूजेच्या पाटाकडे पाहिलं.

भाषणं झाली. फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला. “सरांनी सारं आयुष्य या मैदानाला दिलं,” विजयसिंह म्हणाले. “आजपासून ही जागा सरांच्या नावानं ओळखली जाईल.” टाळ्या पडल्या. हळदकुंकू लावलेली कुदळ त्यांनी सरांच्या हातात दिली.

सरांनी ती घेतली. मंगलने मान फिरवली.

“अध्यक्षसाहेबांचा शब्द मला मोडता येत न्हाई,” माइकवरून सरांचा आवाज आला. “कुदळ मारतो. फक्त जपून मारावी लागंल. ह्या ठिगळाखाली वनमाला हाय.”

सरांनी कुदळ ठिगळाशेजारी टेकवली.

“गंगाखेडला जाऊन आलो, पण अस्थी सोडल्या न्हाईत. मडकं तसंच माघारी आणलं. तिला पोरींचा दंगा आवडायचा, म्हणून इथं ठेवली. कुणाला बोललो न्हाई. आधी तिला वर काढू, मग साहेबांचे गाळे होऊ द्या. माझी काई हरकत न्हाई.”

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या छबुबाई उठल्या. त्यांनी चपला काढल्या, पाटावरची हळदकुंकवाची वाटी उचलली आणि ठिगळावर बोटं टेकवली. मग मागच्या बायकांनी चपला काढल्या. मग पुरुषांनी.

“बाईवर कुदळ घालतो व्हय बे?” मागून कुणीतरी म्हणालं. कुणाला, ते त्याने सांगितलं नाही.

विजयसिंहांनी रुमालाने मान पुसली. निवडणूक तोंडावर होती. एवढी माणसं एका वेळी अनवाणी उभी असलेली त्यांनी देवळाखेरीज कुठे पाहिली नव्हती. त्यांनी सरांच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि माइकजवळ तोंड नेलं.

“गाळे बाजाराकडच्या जागेत होतील,” ते म्हणाले. “ही जागा बाईंची. हिला कुणी हात लावणार नाही.”

त्यांनीही चपला काढल्या.

संस्कृती डोळे पुसत होती. सर मात्र विजयसिंहांकडेच बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं.

मंगलने सगळ्यांसोबत हात जोडले. गंगाखेडच्या घाटावर ती गुडघाभर पाण्यात सरांच्या शेजारीच उभी होती. सरांनी मडकं उलटं केलं होतं, नदीत विसळलं होतं आणि रिकामं झालेलं धारेला सोडून दिलं होतं.