आत ऐकू गेलं ते

या, जवळ बसा, एक गोष्ट सांगतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस या, हळूहळू चालणं हिरावून घेऊ शकणाऱ्या मज्जासंस्थेच्या आजाराची एक पेशंट एमआरआयच्या यंत्रात होती. मधेच यंत्राची खडखड थांबली. पडद्यावर तिच्या मानेतला मज्जारज्जू पाहत टेक्निशियन सहकाऱ्याला म्हणाला, "किती बारीक झालाय बघ. दोन वर्षांत ही व्हीलचेअरवर." मग त्याचं लक्ष गेलं. आत बोलायच्या माइकचं बटण चालूच होतं.

ती बाहेर आली तेव्हा आसवं कानापर्यंत ओघळली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भिंत धरत निघून गेली.

थोड्या वेळानं तिची आई हात जोडून दारात उभी. "दादा, देव तुमचं भलं करो. लेक म्हणाली, तुम्हीच सांगितलंत, ती अशीच चालती-फिरती राहणार."


देवापुढे बसाल तेव्हा त्या लेकीची आठवण ठेवा.