टकळीची माफी

दार लागलं आणि ताईने आतून कडी घातली.

कपडे बदलायची ती खोली जेमतेम चार पावलांची. एक बाक, एक गळका नळ, घामाचा आणि मलमाचा वास. सगळी पोरं जिला ताई म्हणायची ती बॉक्सर बाकावर बसली आणि हाताला पांढरी पट्टी गुंडाळू लागली. बोटांमधून, मनगटावरून, पुन्हा बोटांमधून. बाहेर लोकांचा नुसता गलका. तिची लढत दहा मिनिटांवर आली होती, आणि तेवढ्यात तिने तिच्या कोच सरांना पाठवून तिसऱ्या रांगेतून टकळीला बोलावून आणलं होतं.

कशासाठी, ते टकळीला पक्कं ठाऊक होतं. नववीतल्या या पोरीने जन्मात कधी ग्लोव्ह हातात घातला नव्हता, पण बॉक्सिंगचा विषय निघाला की तिच्या तोंडाला कुलूप नसायचं; टकळी हे नाव त्यावरूनच पडलं होतं. मागच्या महिन्यात ताई हरली, तेव्हा ती मैत्रिणींना मोठ्याने म्हणाली होती, "हिला डावीकडचा ठोसा दिसतच नाही गं. खांबाला मारावं तसं मारतायत हिला." कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं. आठ दिवसांत ते सगळीकडे पसरलं. पोरं ताईला रस्त्यात "काय खांब, कुठे निघालात?" असं विचारायला लागली.

"तूच ना ती?" ताईचा आवाज अगदी शांत होता. "पुन्हा म्हण. माझ्यासमोर म्हण."

"चुकलं माझं, ताई."

"चुकलं की बरोबर, ते नंतर बघू. कशावरून म्हणालीस?"

कशावरून, ते सांगता आलं असतं. त्या लढतीचा व्हिडिओ तिने वीसेक वेळा तरी पाहिला होता. उजवीकडून हात आला की ताईची मान आधीच हलायची. डावीकडून आला की हलायची ती लागल्यावरच. अकरा ठोसे, अकराही वेळा तसंच. पण पट्टी बांधलेली ती मूठ आता ताईच्या गुडघ्यावर ठेवलेली होती, दगडासारखी.

"उगाच बोलले," ती कशीबशी म्हणाली. "पोरींसमोर शायनिंग मारायला. मला काय कळतंय त्यातलं? मी रिंगची पायरीसुद्धा चढले नाही कधी."

"म्हणजे तुला तसं काही दिसलं नव्हतं?"

"नाही ताई. शप्पथ."

ताई उठली. टकळीने डोळे गच्च मिटून घेतले, खांदे आवळले. आता बसते कानाखाली.

काहीच बसलं नाही. डोक्यावर एक जड हात टेकला, तोही हलकेच. तिने डोळे उघडले, तर ताई चक्क हसत होती.

"सुटले गं बाई. महिना झाला, डाव्या बाजूला पडदा ओढल्यासारखं वाटतंय. सर म्हणतात, हरल्याची भीती बसलीय, डोक्यातून काढ. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, काही नाही म्हणाले. मग तुझं बोलणं कानावर आलं आणि माझी झोपच उडाली. म्हटलं, एवढ्या लांबून बघणाऱ्या पोरीलाही दिसतंय, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे."

बाहेर घंटा झाली. सरांनी दारावर थाप मारली. ताईने कडी काढली, आणि बाहेर पडताना तिचा डावा खांदा चौकटीवर दाणकन आपटला. तो चोळत ती मागे वळली.

"तू 'हो' म्हणाली असतीस ना, तर आज मी रिंगमध्ये उतरणार नव्हते."