भिंतीवरचं रान

"बाबा, आपल्या घरात आलं की माझ्या मैत्रिणींचं डोकं का दुखतं?"

तिने विचारलं एकदाचं. दोघी मैत्रिणींनी पैजच लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव. आणि भाषणाच्या स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून हिंमत तिच्याकडे पोत्याने पडून होती. बाबा तर तिला तोफच म्हणायला लागले होते. पण आत्ता बाबांचा चेहरा पाहिला आणि पैज लावणाऱ्या दोघी वह्या काखेत, चपला हातात घेऊन जिन्यावरून पसार झाल्या. मैदानात तोफ एकटीच उरली.

बाबांना हे विचारणं म्हणजे आचाऱ्याच्या घरी जेवायला बसून मिठाची बरणी मागणं. बाबा खिडक्या बसवायचे. फटीत रबराची पट्टी अशी घालायचे, की वाऱ्याला आत यायचं असेल तर बेलच वाजवावी लागेल. तिच्या धाकट्या भावाला, टिल्लूला, रस्त्यावरच्या धुळीने खोकला होतो म्हणून त्यांनी या घराची फट न् फट स्वतःच्या हाताने बुजवली होती. तरी खोकला वाढतच गेला. मावशीकडे गेला की मात्र थांबायचा. म्हणून आता टिल्लूने तिकडेच राहायचं, शाळाही तिकडचीच, असं ठरलं होतं. आई आतल्या खोलीत त्याची बॅग भरत होती. एकाच शर्टाची ती पुन्हा पुन्हा घडी मोडून घडी घालत होती.

"डोकं अभ्यासाने दुखतं," बाबा म्हणाले. "सवय नसली की."

पण त्यांना लागलं होतं. त्यांनी मेणबत्ती पेटवली. गिऱ्हाइकाला काम दाखवायची ही त्यांची रीत. ज्योत खिडकीच्या कडेकडेने फिरवायची. ती हलली तर काम कच्चं. बाबांनी चारी बाजूंनी फिरवली. ज्योत चित्रात काढल्यासारखी उभी.

तोफेने मेणबत्ती मागून घेतली आणि घरभर फिरली. स्वयंपाकघरात पातेल्यातलं पाणी उकळत होतं, ओट्यावर वाफ नुसती तरंगत होती. न्हाणीघराचा आरसा सकाळपासून धूसरच होता. दोरीवर ओले कपडे. बाहेर धूळ बसते, म्हणून घरातच. आणि या सगळ्यावर, कुबट वास जावा म्हणून आईने मारलेला गुलाबाचा फवारा. रोजचंच सगळं. ज्योत मात्र कुठेही जागची हलेना. एवढी वाफ मग जाते तरी कुठे?

आतल्या खोलीत टिल्लूच्या उशाशी मोठं कपाट होतं, भिंतीला अगदी चिकटून. तिने सहज मेणबत्ती त्यामागच्या फटीपाशी नेली आणि आत डोकावून पाहिलं.

"बाबा, इकडे या."

तोफ इतक्या हळू बोलली की बाबा धावतच आले. दोघांनी मिळून कपाट ओढलं.

मागे भिंत नव्हतीच. रान होतं. जमिनीपासून तिच्या डोक्याच्याही वर, काळं, हिरवट, मधूनच राखाडी, बुरशीची मखमल. गोल गोल ठिपके एकमेकांत मिसळून त्यांची बेटं झालेली, बेटांना झालरीसारखे किनारे. पेरलं कुणी नव्हतं, पाणीही कुणी घातलं नव्हतं. खरं तर शिसारी यायला हवी होती. पण तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. टिल्लूच्या उशीपासून हातभर अंतरावर एवढं मोठं काहीतरी जगत होतं, वाढत होतं, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

"कुठून गळतंय हो?" आईने विचारलं.

बाबांनी भिंतीला तळहात लावला. छत पाहिलं, फरशी पाहिली. या बाजूला एकही पाइप नव्हता. मग ओला झालेला तळहात उलटून पाहिला.

"गळत नाहीये," शेवटी ते म्हणाले. "हे आपलंच आहे. स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची, कपड्यांची. आपल्या चौघांचे श्वास. बाहेरची भिंत गार, सगळं येऊन हिच्यावर बसलं. मी यातलं काही घराबाहेर जाऊच दिलं नाही."

चौघांचे श्वास! तोफ मनात मोजायला लागली. झोपेतले, भांडताना फुकट घालवलेले, पोट धरून हसतानाचे. तिने आरशासमोर घोकलेलं ते अख्खं भाषणसुद्धा. सगळं एकेक करून इथे आलं होतं आणि अंधारात गुपचूप रुजलं होतं.

"मी हात लावू?" टिल्लूने विचारलं.

"नाही," तिघंही एकदम म्हणाले.

तो हिरमुसला आणि मग त्याला खोकला आला. उबळीवर उबळ. आईने त्याला उचलून बाहेरच्या खोलीत नेलं. बाबांनी खिशातून पातं काढलं, खिडकीच्या पट्टीखाली घातलं, पण हात पुढे जाईना. आपणच बसवलेली पट्टी.

"धूळ येईल," आई दारातूनच म्हणाली. तिच्या आवाजात आता जोर नव्हता.

तोफेने बाबांच्या हातातून पातं घेतलं आणि पट्टी टराटरा सोलून काढली. मग ती दोघांकडे वळली.

"मी ठरवलंय. टिल्लू मावशीकडे जाईल, पण ही भिंत धुऊन खडखडीत वाळेपर्यंतच. धुणार बाबा आणि मी, नाकाला फडकी बांधून. त्याचं नाव इथल्या शाळेतून काढायचं नाही. आणि त्याला घरी आणायला मी जाणार."