बाबांची जाळी

वाळत चाललेल्या झाडावर पालिकेच्या साहेबांनी लाल फुली मारली, तशी वेल्डिंगवाली पुढे झाली. "साहेब, रोगबिग काही नाही. रोप होतं तेव्हा माझ्या बाबांनी घडवलेली लोखंडी जाळी लावली, ती कुणी काढलीच नाही. तीच गळा आवळतेय." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "करवतवाले दुपारी येतील. तोवर सोडवलीत तर महिनाभर थांबतो." ठिणग्या उडाल्या, कटरची दोन पाती झिजली, पण सालीत रुतलेली जाळी तुटेना. शेजारी स्टुलावर बसलेले बाबा ओशाळून म्हणाले, "हत्ती आला तरी तुटू नये अशी घडवली होती गं!" तिनं मनोमन हात जोडले, तिसरं पातं चढवलं. "हत्ती नाही बाबा, तुमची लेक आलीये!" खाडकन जाळी निखळली. महिन्याआतच शेंड्याला पालवी फुटली. साहेबांनीच फुली खरवडली, गावभरच्या रोपांना नव्या जाळ्या करायचं काम तिला दिलं. बाबा म्हणाले, "या खेपेला बिजागरी लाव हो!"